विकायचं घर

"बघ, कसा भरीव आवाज येतोय," असं म्हणत ह्यांनी भिंतीवर मुठीनं दोनदा ठोकलं. "अठरा इंची भिंत आहे. आता कोण बांधतंय अशी?"

मी नाकाला पदर लावून दारातच उभी होते. घर कित्येक वर्षं बंद होतं आणि आत कबुतरांनी संसार थाटला होता. मिरजेत स्टेशनच्या मागच्या अंगाला, रेल्वेतल्या एका निवृत्त गार्डचं हे घर. म्हातारा हुबळीला लेकीकडे जाऊन राहिला होता आणि त्याला ते एकदाचं काढून टाकायचं होतं. पुढं एक खोली, मागं एक, बाजूला स्वयंपाकघर, परसात संडास आणि वाळून कोळ झालेलं सीताफळीचं झाड.

माझे यजमान सुकुमार मगदूम टाइल्सच्या दुकानात सेल्समन होते. दुकानात येणारे ठेकेदार जुनी घरं घ्यायचे, दुरुस्त करायचे, विकायचे आणि मग काउंटरवर चहा पीत त्याच्या गोष्टी सांगायचे. कुणी साडेसहाला घेऊन अकराला विकलेलं असायचं, कुणी सातला घेऊन बाराला. दुसऱ्यांच्या नफ्याच्या गोष्टी ऐकून ऐकून ह्यांच्याही मनानं घेतलं होतं, की आपण एक घर असं करून बघायचंच.

टेपचं दुसरं टोक धरून पद्माक्का उभ्या होत्या. ह्यांच्या थोरल्या बहीण. नवऱ्यानं दुसरा घरोबा केल्यावर त्या आमच्याकडे आल्या त्या आल्याच. आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्यांना नऊ वर्षं झाली होती. पिको-फॉल करून त्या आपला वरखर्च भागवायच्या. कोर्टात खेटे घालून घालून शेवटी नवऱ्याकडून एकरकमी चार लाख मिळाले होते. ते बँकेत ठेवून काय मिळणार, असं ह्यांनीच त्यांना समजावलं होतं.

"वायरिंग पंचवीस हजार," पेन्सिलीनं भिंतीवरच आकडे मांडत हे म्हणाले. "फरशी तीस, ती मला दुकानातून दरात मिळेल. प्लास्टर आणि रंग मिळून पन्नास. संडास-बाथरूम चाळीस. ओटा, दारं, खिडक्या तीस. झाले पावणेदोन लाख. घराचे साडेसहा, खरेदीखताचा खर्च. नवाच्या आत बसतंय, अक्का! आणि अकराला कुठंही जाईल. सहा महिन्यांत दोन लाख!"

"आणि मधेच आणखी काही निघालं तर?" मी विचारलं.

"काय निघणार आहे? सगळं डोळ्यांसमोर आहे की."

अक्कांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी मागच्या खोलीची गंजलेली खिडकी जोर लावून उघडली होती. "इथनं सकाळचं ऊन येत असणार," त्या म्हणाल्या.

"हां. गिऱ्हाइकाला हे पण सांगायचं," हे म्हणाले.

अक्कांचे चार लाख, ह्यांच्या वाटणीची शेती विकून आलेले दोन आणि पतसंस्थेचं तीन लाखांचं कर्ज, असं करून घर घेतलं. खरेदीखत झालं त्या दिवशी हे बासुंदी घेऊन आले. अक्का सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, म्हणून त्यांना पहिली वाटी साडेपाचलाच दिली. पोरांनी उरलेली संपवली.

कामाला इसाक मिस्त्री होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. पहिल्याच दिवशी त्यानं परसातल्या मोरीत बादलीभर पाणी ओतलं आणि तिथंच उकिडवा बसून राहिला. पाणी जाईना. थोडं आत जायचं आणि काळं होऊन परत यायचं.

"साहेब, रस्ता वर आलाय," तो ह्यांना म्हणाला. "दर दोन-चार वर्षांनी डांबर टाकून टाकून गटार तुमच्या फरशीच्या वर गेलंय. ह्या घराचं पाणी बाहेर जाणारच नाही."

"मग?"

"सगळ्या घरात दीड फूट भराव घालायचा. मुरूम टाकायचा, ठोकायचा, वर फरशी. दाराच्या चौकटी काढून वर घ्याव्या लागतील. खिडक्या पण."

ह्यांनी दोन दिवस दुसऱ्या मिस्त्र्यांना आणून दाखवलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. भिंतीवरच्या आकड्यांखाली 'भराव' असा शब्द आला आणि पुढं साठ हजार. पुढच्या महिन्यात स्वयंपाकघरावरचा स्लॅब खरवडला, तर आतल्या सळ्या पापडासारख्या सुटून हातात आल्या. तो पाडून नवा घातला. ह्यांनी आकडे लिहिणं बंद केलं. दुकानातून माल उधार येऊ लागला. मालकानं एकदा सगळ्यांदेखत विचारलं, "मगदूम, घर बांधताय का राजवाडा?"

हे दुकानात असायचे, मी पोरांच्या शाळा आणि सासूबाईंचं आजारपण बघायची, म्हणून कामावर देखरेख करायला अक्का जायच्या. सकाळी डबा घेऊन निघायच्या त्या दिवस मावळायच्या आधी जेवण आटोपूनच परत यायच्या. सुरुवातीला मला त्यांची कीव यायची. उन्हातान्हात, धुळीत, गड्यांच्या पाठीमागं लागायचं. हात सिमेंटनं फाटले होते. पण एकदा मी त्यांना पाणी द्यायला गेले आणि रस्त्यावरूनच मला त्यांचं हसणं ऐकू आलं. नऊ वर्षांत मी अक्कांना इतकं मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं. आमच्या घरी त्या पाहुण्यासारख्या हसायच्या, पदर तोंडाशी धरून.

त्यांच्या मागण्या वाढत गेल्या. स्वयंपाकघरात पूर्वेला एक खिडकी पाहिजे. परसात धुण्यासाठी दगड बसवायला पाहिजे. मागच्या खोलीत खिडकीखाली, गुडघ्याच्या उंचीवर एक विजेचा पॉइंट पाहिजे.

"इथं खाली पॉइंट कशाला?" हे वैतागले. "इथं काय लावणार आहे कोण?"

"असू दे रे सुकू. लागतो कुणाला तरी."

"अक्का, आपल्याला घर विकायचंय. एकेक पॉइंट म्हणजे पैसे आहेत."

"माझ्यातनं धर ते," अक्का म्हणाल्या.

"तुझ्यातनं आणि माझ्यातनं वेगळं काय आहे त्यात?"

पॉइंट झाला. दगडही झाला. दोन्ही खोल्यांना हलका पिवळा रंग लागला. ह्यांच्या मते गिऱ्हाइकाला पांढरा आवडतो, पण अक्कांनी डबे आणून ठेवले होते. काम संपलं तेव्हा पावणेदोनाचे साडेतीन लाखांवर गेले होते. तरीही घर सुरेख दिसत होतं, हे मान्य करायला पाहिजे. ह्यांनी पेपरात जाहिरात दिली. दहा महिने झाले होते.

बघायला माणसं येत होती. कुणाला स्टेशनचे भोंगे नको होते, कुणाला कर्ज मिळत नव्हतं, कुणी नुसतंच बघून जात होतं. मग जयसिंगपूरचे एक मास्तर आणि त्यांची बायको आली. दोघंही कमावते, पैसे तयार. मास्तरांना घर आवडलं. त्यांनी ह्यांना बाजूला घेऊन दहाची भाषा सुरू केली, तेव्हा मी मनातल्या मनात हिशेब करून बघितला. दहा म्हणजे नफा नाही, थोडा तोटाच. पण सुटका तरी.

मास्तरीणबाई उंच होत्या. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्यापाशी उभ्या राहिल्या.

"अगं बाई! हा ओटा केवढा खाली आहे!" त्या म्हणाल्या. "माझी तर कंबर मोडेल. आणि खिडकीतनं बघायचं म्हणजे वाकायचं? कुणाच्या मापानं केलंय हे?"

मी ओट्याकडे बघितलं. इतक्यांदा आत आले होते, पण मला ते कधी दिसलं नव्हतं. फळ्यासुद्धा खाली होत्या. खुंट्यासुद्धा. मी मान वळवून अक्कांकडे बघितलं. त्या दारात उभ्या होत्या, जेमतेम माझ्या खांद्याला लागणाऱ्या.

"मिस्त्रीचं चुकलं," अक्का म्हणाल्या.

इसाक मिस्त्री राहिलेले पैसे मागायला आला होता आणि बाहेर पायरीवर बसला होता. त्यानं मान वर करून अक्कांकडे बघितलं. मग तो उठून उभा राहिला. "होय बाई," तो मास्तरीणबाईंना म्हणाला. "माझीच चूक. भराव घातल्यावर माप चुकलं."

ओटा फोडून नवा करावा लागेल, खिडकीही वर घ्यावी लागेल, असं म्हणत मास्तर दहावरून नवावर आले. ह्यांनी नाही म्हणून मान हलवली. ती माणसं गेली.

अक्का आत झाडू मारायला लागल्या. मी पायरीवर आले.

"ओटा तर भराव झाल्यावर घातलात, मिस्त्री. मग माप कसं चुकेल?"

"जाऊ दे वहिनी. कशाला विचारता?"

"सांगा ना."

त्यानं डोक्यावरचा रुमाल काढून झटकला. "त्यांनीच उभं राहून माप दिलं. मी म्हटलं, विकायच्या घराला एवढा बुटका ओटा चालत नाही, अक्का. तर म्हणाल्या, तू कर. कडाप्पा बसवायच्या आधी दोनदा येऊन हात ठेवून बघितला. भाकरी थापल्यासारखं करून." त्यानं रुमाल पुन्हा डोक्याला गुंडाळला. "मला पण बहीण आहे, वहिनी. मी केला."

आमच्या फ्लॅटचा ओटा बिल्डरनं घातलेला. नऊ वर्षं अक्का पाटावर उभ्या राहून त्यावर भाकरी थापत होत्या. पोरं टीव्ही बंद करेपर्यंत त्यांना हॉलमध्ये आडवं होता यायचं नाही. शिलाईचं मशिन गॅलरीत होतं. संध्याकाळचा उजेड गेला की काम बंद. मी मागच्या खोलीत जाऊन तो खिडकीखालचा पॉइंट बघितला. मशिनला दिवा लावायचा झाला तर वायर बरोबर तिथं आली असती. त्या सगळ्या घरात एकाच माणसाच्या मापाचं काम झालं होतं, आणि आम्ही वर्षभर ते अकरा लाखांना विकायला निघालो होतो.

आम्ही दोघं परतत असताना रेल्वे फाटक बंद होतं. ह्यांनी स्कूटर बंद केली. मालगाडी येत होती.

"अक्कांना तिथं राहायचंय," मी मागून म्हणाले.

हे मालगाडीकडे बघत राहिले. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

"मला माहीत आहे," गाडी निम्मी गेल्यावर हे म्हणाले. "खिडकीचा हट्ट धरला, तेव्हाच कळलं मला."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलू? पतसंस्थेचा हप्ता पाच महिने थकलाय. दुकानाची उधारी दीड लाखाच्या वर आहे, मालक पगारातनं कापायला लागलाय. आपले दोन लाख पोरांसाठी ठेवलेले होते. सगळं सोडून दिलं आणि म्हटलं, अक्का, राहा, तर ते तीन लाख कोण फेडणार? ती? पिको करून?" हे पुढं बघतच बोलत होते. "मी सगळ्या बाजूंनी करून बघितलं, त्रिशला. बसत नाही."

फाटक उघडलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या तरी ह्यांनी किक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम एकटी तिकडं गेले. काम संपलं होतं तरी अक्का रोज जाऊन घर झाडून पुसून काढायच्या. गिऱ्हाईक कधीही येईल, असं म्हणायच्या. मी गेले तेव्हा त्या स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांना वाकावं लागत नव्हतं.

"अक्का, तुम्ही आम्हाला विचारायचं तरी."

त्यांनी वळून बघितलं. काय विचारायचं, हे त्यांनी मला विचारलं नाही.

"विचारून काय झालं असतं?" त्या म्हणाल्या. "सुकूला नाही म्हणायला लागलं असतं. ते त्याला जमलं नसतं. मग हो म्हणाला असता आणि बुडाला असता. आता बुडतोय त्याच्यापेक्षा जास्त."

"मग हे सगळं केलंत कशासाठी?"

ओट्यावर धूळ नव्हती, तरी अक्कांनी तो पदरानं पुसला.

"पहिल्यांदा खरंच म्हटलं, विकायचंय, तर चांगलं करू," त्या म्हणाल्या. "मग भराव पडला. गडी विचारायला लागले, अक्का, हे कुठं घेऊ? ते कुठं घेऊ? त्रिशला, मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, हे कुठं घेऊ म्हणून. सासरी नाही, तुमच्याकडे नाही. तुमच्याकडे म्हणजे, तुमची चूक नाही त्यात. घर तुमचं लागलेलं होतं. मी आपली सांगत गेले. काम चाललं होतं तोवर कुणी म्हणत नव्हतं, घर कुणाचं म्हणून."

मी म्हटलं, "आपण काहीतरी करू." त्या हसल्या, आमच्या घरी हसायच्या तशा.

"ओटा फोडून घे म्हणावं सुकूला," त्या म्हणाल्या. "तेहतीस इंचाचा करा. मी नाही येणार त्या दिवशी."

ओटा फोडायला पैसे नव्हते, म्हणून तो तसाच राहिला. उन्हाळा गेला. पतसंस्थेचा माणूस घरी येऊन बसायला लागला. चहा घ्यायचा, पोरांची चौकशी करायचा आणि जाताना दारात थांबून मोठ्यानं आकडा सांगायचा. सासूबाई वारल्या. त्यांच्या दिवसांतही तो आला.

शेवटी घर घेतलं ते एका डॉक्टरांनी, नऊ लाख साठ हजारांना. ते स्वयंपाकघरात गेलेच नाहीत. पुढच्या रस्त्यावर उभे राहून त्यांनी जागेची रुंदी पावलांनी मोजली, मागच्या भिंतीपर्यंत जाऊन आले आणि कागदपत्रं मागितली. ह्यांनी सवयीनं सांगायला सुरुवात केली, "सकाळचं ऊन..." डॉक्टर म्हणाले, "ते ठीक आहे, प्लॉट किती आहे तेवढं सांगा."

सगळ्यांची देणी भागवून हातात सव्वाचार लाख राहिले. ह्यांनी त्यातले तीन अक्कांपुढे ठेवले आणि म्हणाले, "राहिलेले मी फेडीन." अक्कांनी पैसे मोजले नाहीत. त्यांनी ते माझ्या कपाटात ठेवायला दिले, कारण त्यांचं वेगळं कपाट नव्हतं.

त्यानंतर आमच्या घरात भांडण असं झालं नाही. तेच वाईट होतं. हे सुट्टीच्या दिवशीही दुकानात जायला लागले. पुन्हा कधी कुठल्या घराची गोष्ट त्यांच्या तोंडून निघाली नाही. अक्का पूर्वीसारख्या गॅलरीत मशिनवर बसायच्या, पण गिऱ्हाइकांच्या साड्या दिवसेंदिवस तशाच पडून राहायच्या. पावसाळा संपता संपता जैन बस्तीत दर्शनाला येणाऱ्या एका बाईनं सांगितलं, की पुण्यात एका म्हाताऱ्या बाईंना सोबत पाहिजे. आपल्यातलीच माणसं आहेत, मुलगा अमेरिकेत, राहून-खाऊन पगार.

"मी जाते," अक्का म्हणाल्या.

"लोक म्हणतील, बहिणीला कामाला पाठवलं," हे म्हणाले.

"लोकांचं राहू दे. तुला काय वाटतं?"

ह्यांनी चपला घातल्या आणि दुकानाची वाट धरली. स्टेशनवर मात्र गाडी हलल्यावरसुद्धा हे खिडकीबरोबर चालत राहिले, प्लॅटफॉर्म संपेपर्यंत.

पुढच्या वर्षी एका लग्नाला पुण्याला गेले होते, तेव्हा अक्कांना भेटून आले. चौथ्या मजल्यावरचा मोठा फ्लॅट. म्हाताऱ्या बाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. अक्कांनी मला हळू आवाजात घर दाखवलं, ही बाल्कनी, हे देवघर, हा गीझर. त्यांची स्वतःची जागा बाथरूम आणि आतली खोली यांच्यामधल्या बोळात होती. घडीची कॉट होती, दिवसा भिंतीला उभी करून ठेवायची. रात्री बाईंना उठवायला लागतं, म्हणून तिथं बरं पडतं, असं त्या म्हणाल्या.

त्यांनी चहा केला. आम्ही स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच प्यायलो. त्या बारीक झाल्या होत्या. पोरांचं विचारलं, ह्यांच्या डायबेटिसचं विचारलं. घराचा विषय मी काढणार नव्हते. ते घर डॉक्टरांनी दिवाळीच्या आधीच पाडलं होतं आणि तिथं आता हॉस्पिटलच्या गाड्या लागत होत्या. अक्कांनी विचारलंच तर काय सांगायचं, ते मी गाडीत ठरवून आले होते. एक कुटुंब राहतंय, चांगली माणसं आहेत.

"पाडलं ना ते?" अक्कांनी विचारलं.

"कुणी सांगितलं?"

"सुकूचा फोन आला होता. बोलला नाही काही. नुसता रडला." त्यांनी कप विसळून पालथा घातला. "मला बरं वाटलं, खरं सांगू का? रोज मनात यायचं, आता तिथं कोण उभं असेल. आता कुणीच नाही."

आतून हाक आली. म्हाताऱ्या बाई जाग्या झाल्या होत्या. अक्का हात पुसत लगबगीनं निघाल्या आणि बोळातून मागं वळून मला म्हणाल्या, "मला आता अर्धा तास लागेल, त्यांना धुवायचं आहे. तू थांबू नको, तुझी गाडी चुकेल. जाताना दार नुसतं ओढून घे."

मी थोडा वेळ तिथं उभी राहिले. आतून पाण्याचा आवाज आणि अक्कांचं समजुतीचं बोलणं ऐकू येत होतं. मग मी दार ओढून घेतलं आणि जिने उतरायला लागले.